देवीने अलकालाच का निवडलं?

तुम्ही पाठवलेला आराखडा थोडक्यात असा: धरणात बुडालेल्या एका गावाची डोहाई नावाची देवी, तुमच्या कल्पनेतली. अलका एसटीत कंडक्टर. देवी तिच्या स्वप्नात येते, निरोप देते, अलका तो लोकांपर्यंत पोचवते, तिचं नाव होतं, आणि शेवटी देवीसाठी ती पाण्यात उतरते. वाचून दाखवल्यावर ऐकणाऱ्यांनी ‘मालिकेसारखं वाटतंय’ असं म्हटलं. तुमचा प्रश्न असा की देवीला खलनायिका न करता तिच्यामुळे अलकाचं आयुष्य विस्कटतंय हे कसं दाखवायचं.

हस्तलिखितं वाचणं हेच माझं काम, आणि देव-दैवतं असलेल्या कादंबऱ्या हल्ली बऱ्याच येतात. बहुतेकींत एकच घोळ असतो, तो तुमच्याकडेही आहे. तुमच्या डोहाईला कशाचीच कमतरता नाही. तिला पुढचं दिसतं, ती हव्या त्याच्या स्वप्नात शिरते, पाऊस पाडते. मग तिला अलका लागतेच कशाला? सरळ सरपंचाच्या स्वप्नात जाऊन काम उरकता आलं असतं. देवाला दूत लागतो तो देवाला काहीतरी जमत नाही म्हणून. जे जमत नाही ते तो दूताकडून घेतो, आणि दूताचं आयुष्य नेमकं त्याच जागी फाटतं. देवीला राग यायची, सूड घ्यायची काही गरज नाही. तिची गरजच पुरेशी आहे.

टेरी प्रॅचेट यांच्या ‘स्मॉल गॉड्स’मध्ये (१९९२) हे उघडंवाघडं करून दाखवलंय. ओम नावाचा मोठा देव भव्य रूपात अवतरायला जातो आणि कासव होऊन बसतो. त्याच्या नावाने धर्मपीठ आहे, चौकश्या आहेत, छळ आहे, पण मनापासून मानणारा माणूस एकच उरलाय: मठाच्या बागेत कलिंगडं-खरबुजं सांभाळणारा ब्रूथा. त्याला वाचता येत नाही, पण ऐकलेलं-पाहिलेलं काहीही तो विसरत नाही. ओमला पाय धड नाहीत, आवाज फक्त ब्रूथाला ऐकू येतो. म्हणजे ब्रूथा गेला की देव संपला. आता हा देव कितीही चिडका, आपमतलबी असला तरी आपल्याला तो खोटा वाटत नाही. ब्रूथाला बागेतून उचलून राजकारणात आणि वाळवंटात ढकललं जातं तेव्हाही लेखकाने मुद्दाम घातलेलं संकट वाटत नाही. एकच विडी उरलेला माणूस तिला जपतो तसा ओम ब्रूथाला जपतो, पण ओढतोही तिलाच.

लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या ‘द कर्स ऑफ चॅलियन’मध्ये (२००१) मांडणी गंभीर आहे. तिथल्या पाच देवांना जड वस्तूला हात लावता येत नाही. माणसाने आपणहून वाट करून दिली तरच ते जगात काही करू शकतात. नायक काझारिल गुलामीतून सुटून आलेला, खंगलेला माणूस. त्याला जुन्या मालकिणीच्या वाड्यात एखादं साधं काम आणि उबेची जागा, एवढंच हवंय. त्याच्या नशिबी काय येतं ते सांगत नाही, वाचा. पण त्यातली एक कल्पना तुमच्या कामाची आहे. एक पात्र काझारिलला म्हणतं की देवांनी प्रत्येकाचं पाऊल धरून चालवलं नसेल. या वाटेवर शेकडो-हजारो काझारिल सोडले असतील, आणि जे स्वतःच्या मर्जीने चालत राहिले तेवढेच पोचले. ‘निवडलेला’ या भारदस्त शब्दातली हवाच त्यातून निघून जाते. निवडलेला म्हणजे पोचलेला. बाकीचे वाटेत कुठे राहिले, हा विचार मनात आला की अंगावर काटा येतो.

आता डोहाईकडे या. तिला काय जमत नाही? तुमच्याच टिपणात उत्तर आहे, तुम्ही ते नुसतं वातावरण म्हणून वापरलंय. तिचं गाव उठलं आणि माणसं चार पुनर्वसित वसाहतींमध्ये पांगली. देवीला जागा सोडता येत नाही. पाण्याखाली तिच्याकडे कोण येणार? उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि बघायला गर्दी लोटते. तुमच्या देवीचा कळस तेवढाही वर येत नाही. तिला आपली माणसं हवीत आणि ती कुठे गेली हे तिला माहीत नाही. आणि अलकाची गाडी रोज त्या चारही वसाहतींतून तालुक्याला जाते, जाता-येता धरणाच्या भिंतीवरून.

म्हणजे देवीने अलकाला निवडलं ते रूटमुळे. तिची पुण्याई, तिची श्रद्धा, आजीने केलेला नवस, यातलं काही नको. तुम्ही पहिल्या प्रकरणात आजीचा नवस घातलाय तो काढून टाका. आपली निवड ड्यूटी-चार्टमुळे झाली हे अलकाला निम्म्या कादंबरीनंतर कळू द्या. ज्या देवीपायी संसार पणाला लागला, तिला आपलं नावसुद्धा नीट माहीत नव्हतं, हे कळणं कुठल्याही शापापेक्षा बोचेल. आणि त्यात देवीचा दुष्टपणा कणभरही नाही. तिला नावं कशी ठाऊक असणार? तिला फक्त रोज दोनदा डोक्यावरून जाणारी आपली माणसं कळतात.

स्वप्नही काढा. स्वप्न फुकट असतं, झोपेत कुणाचं काही जात नाही. देवी बोलते ती गाडी भिंतीवर असतानाच. भिंत ओलांडायला किती वेळ लागतो? तीन-चार मिनिटं. नेमका त्याच वेळी शेवटच्या वसाहतीत चढलेल्यांची तिकिटं फाडायची असतात. प्रसंग असा काही लिहून बघा:

‘मशीनवर तिने पुढचा टप्पा टाकला, पोरासाठी अर्धं तिकीट दाबलं, आणि डाव्या कानात पाणी शिरल्यासारखं झालं. समोरची म्हातारी पैसे पुढे धरून होती. अलका तिला म्हणाली, “शेवंताच्या चुलीखालची वीट तशीच आहे.” म्हातारीचा हात तसाच राहिला. भिंत संपली. वळणावर चेकिंगची जीप आडवी उभी होती. गाडीत विनातिकीट सात.’

यात काय झालं बघा. निरोप पोचला, अगदी अचूक माणसाला पोचला, म्हातारी त्या विटेसाठी उभ्या जन्माची रडणार आहे. देवीचं काम फत्ते. आणि अलकाच्या डोक्यावर सात विनातिकीट प्रवासी. कंडक्टरच्या बाबतीत हा साधा विसरभोळेपणा धरत नाहीत, पैसे घेऊन तिकीट दिलं नाही असा अपहाराचा संशय येतो. वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) जप्त, जबाब, आरोपपत्र, खातेनिहाय चौकशी. चौकशीत ती काय सांगणार? “कानात देवी बोलत होती”? खरं बोलली तर वेडी, खोटं बोलली तर चोर. तुमच्या देवीने तिला हात लावला नाही, शाप दिला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही.

निरोपाची किंमत निरोप पोचवण्याच्या रीतीतूनच यायला हवी. वेगळं संकट आणून बसवलं, नवऱ्याचा अपघात, मुलाचा ताप, तर वाचकाला लेखकाचा हात दिसतो. ‘मालिकेसारखं’ हा शेरा मला वाटतं तिथूनच आला.

दुसरा प्रश्न, ही किंमत नेमकं कोण मोजतं. इथे परदेशी जायची गरजच नाही, आपल्याकडे चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ ही कादंबरी आहे. खानोलकर वेंगुर्ल्याकडचे, आणि कोंडुरा हे त्याच किनाऱ्यावरच्या ठिकाणाचं नाव. श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये त्यावर चित्रपट केला, अनंत नाग परशुरामाच्या भूमिकेत. घरच्या भांडणाला कंटाळून बाहेर पडलेल्या परशुरामाला समुद्राकाठी कोंडुरा स्वामी भेटतो आणि वर देतो. वराबरोबर गर्भ पाडणारी एक मुळी आणि एक अट: ब्रह्मचर्य पाळायचं. परशुरामाचं लग्न झालेलं आहे. इथे क्षणभर थांबा. वर मिळाला परशुरामाला. अट पाळायची परशुरामाने. पण त्या क्षणी आणखी एका व्यक्तीचं आयुष्य ठरून गेलं, जी समुद्रावर नव्हती, जिला कुणी विचारलं नाही, जिला देवाने दर्शनही दिलं नाही. बायकोच्या वाट्याला दर्शन नाही, मोठेपणा नाही, फक्त अट.

अलकाच्या घरात असं कोण आहे? तुमच्या टिपणात नवरा एका ओळीत येतो, ‘समजूतदार’. समजूतदार नवरा कादंबरीला फार महागात पडतो, सगळी धग तो एकटाच विझवतो. मी त्याला समजूतदारच ठेवीन, पण अलका निलंबित झाल्यावर निम्म्या पगारावर घर चालवायचा हिशेब त्याच्यापुढे टाकीन. सासूबाईंना मात्र देवी खरी वाटू दे. “आता मटण-बिटण घरात नको, सोवळं पाळ, चौथ्या दिवसाशिवाय देव्हाऱ्याकडे फिरकू नको,” हे देवीने कधीच सांगितलेलं नाही. तिला शिवाशिवीशी काही देणंघेणं नाही. सासूबाई देवीच्या वतीने नियम काढतात आणि अलका दोन्हीकडून भरडली जाते. देवाचा निरोप एक ओळीचा असतो, त्याची नियमावली माणसं लिहितात. तुमच्याकडे हे लिहायला भरपूर जागा आहे आणि तुम्हाला ते येतं, सासू-सुनेचे संवाद टिपणातसुद्धा जिवंत आहेत.

अंगात येण्याबद्दल तुम्ही विचारलंत, अलकाच्या अंगात देवी आणावी का. आणू नका. अंगात येण्याची आपल्याकडे नीट व्यवस्था असते. ठरलेली तिथी, ठरलेली जागा, वाद्य, सावरायला दोन माणसं, प्रश्न विचारणारा जाणता, शेवटी देव उतरतो आणि बाई घरी जाऊन भाकरी थापते. कोकणातल्या देवळांत अवसर, म्हणजे देवाचा संचार, येतो तोही मानकऱ्यांच्या देखत, रीतीने. देवाला वेळापत्रकात बसवून माणसाला जपायची ही रीत आहे. प्राचीन ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळातही तेच होतं. तिथली पिथिया, म्हणजे अपोलो देवाचा कौल सांगणारी बाई, महिन्यातून एकदाच बसे आणि हिवाळ्यात कौल बंद असे. रीत मोडली की काय होतं तेही नोंदलेलं आहे. ग्रीक लेखक प्लूटार्क स्वतः डेल्फीला पुरोहित होता. त्याने लिहिलंय की एकदा बळीच्या जनावरावर पाणी शिंपडलं तरी ते थरथरलं नाही, म्हणजे देवाची संमती नव्हती. (बकऱ्याने अंग झाडण्याची वाट बघणं आपल्याकडेही अनेक ठिकाणी आहे, तेव्हा हे वाचताना परकं वाटत नाही.) पण बाहेरगावचे पाहुणे खोळंबलेले, म्हणून पुजाऱ्यांनी जनावराला भिजवून भिजवून कसंबसं थरथरवलं. पिथिया मनाविरुद्ध आत गेली. पहिल्या शब्दांपासूनच तिचा आवाज घोगरा, वेगळा. मग ती किंचाळत दाराकडे धावली आणि कोसळली. पाहुणे पळाले, पुजारीही पळाले. परत येऊन तिला उचललं तेव्हा ती शुद्धीवर होती, पण काही दिवसांतच गेली.

या हकिकतीत देवाने काय केलं? नकार दिला होता. घाई पाहुण्यांना होती. तुमच्या कादंबरीतही वसाहतींतली माणसं ही घाई करतील, म्हणून ती नुसती टाळ वाजवणारी गर्दी नको. डोहाईला रीत नाही, पुजारी नाही, वार नाही, कारण तिची सगळी व्यवस्था गावाबरोबर बुडाली. ती भिंतीवर केव्हाही बोलते. अलकाला सावरायला दोन माणसं नाहीत. ड्रायव्हर आहे, पण त्याचं तोंड पुढे.

आता विश्वासाचं. तुम्ही कॅसांड्राचा, ग्रीक कथांतल्या ट्रॉयच्या राजकन्येचा, उल्लेख केलाय, ‘तिच्यासारखं अलकावरही कोणी विश्वास ठेवत नाही’ असा. इस्किलसचं ‘अगामेम्नॉन’ हे ग्रीक नाटक (इ.स.पू. ४५८) पुन्हा एकदा सावकाश वाचा. त्यात अगामेम्नॉन राजाने तिला बंदी करून आपल्या घरी आणलंय. अपोलोने तिला भविष्य दिलं, तिने शब्द फिरवला, म्हणून कोणी तुझं मानणार नाही हा शाप, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण नाटकातले वृद्ध तिला सरळ खोटी ठरवत नाहीत. घराण्याच्या जुन्या पापांबद्दल ती बोलते तेव्हा ते चकित होऊन मान्य करतात, आम्हाला तरी तुझं खरं वाटतं असंही म्हणतात. ‘अगामेम्नॉनचा मृत्यू तुम्ही बघणार’ असं ती स्पष्ट, नाव घेऊन सांगते तेव्हा मात्र ते तिला गप्प करतात, अशुभ बोलू नकोस म्हणून. झालेलं कळतं, होणारं ऐकवत नाही. मग ती देवाची काठी आणि माळा फेकून देते, दारापर्यंत जाते आणि मागे सरते. घराला रक्ताचा वास येतोय, म्हणते. ते म्हणतात, आत यज्ञाचे बळी आहेत, त्यांचा असेल. ती म्हणते, थडग्यातून येतो तसला वास आहे. आणि तरीही आत जाते. अडीच हजार वर्षांत या दारापाशी कोणी भर घातली असेल तर मला माहीत नाही.

पण अलकाचा पेच उलटा आहे, आणि तो आपल्याकडचा खास आहे. तिच्यावर लोक विश्वास ठेवतात, पटकन ठेवतात, पण नको त्या बाबतीत. विटेचा निरोप खरा निघाला ही बातमी चारही वसाहतींत संध्याकाळपर्यंत पोचेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दाराशी माणसं: म्हैस हरवली, मुलीचं जमत नाही, पोराची भरती, पुनर्वसनाच्या जमिनीचा निकाल कधी लागेल. अलकाला यातलं काही ठाऊक नाही. देवीला तर नाहीच, तिला साठ वर्षांपूर्वीच्या चुली आठवतात. “मला माहीत नाही” म्हटलं तर लोकांना वाटतं दक्षिणा कमी पडली. देवीचा खरा निरोप, म्हणजे ‘मला इथून न्या’, तो मात्र कोणी ऐकून घेत नाही, कारण त्याला खर्च आहे आणि आता कुणाला तिकडे जायचं नाही. इथे तुमची कादंबरी मालिकेपासून कायमची सुटेल.

या गर्दीमागोमाग अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यकर्ता येणार, तो टाळू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून लोकांना फसवणं, घाबरवणं त्याखाली येतं. अलकाने कुणाला फसवलेलं नाही, पण दारात ठेवलेल्या ताटात पैसे कोण टाकतंय आणि कोण उचलतंय हे तिला तरी कुठे माहीत आहे? असा कार्यकर्ता आपल्या कथांमध्ये एक तर तोंडघशी पडतो किंवा शेवटी हात जोडतो. दोन्ही स्वस्त. तुमच्या कादंबरीत अलकाची झोप उडालीय, नोकरी जातेय, हे बघणारा आणि तिला दवाखान्यात चला म्हणणारा तोच एकटा असू शकतो. देवी खरी असूनही त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं.

डोहाईच्या बोलण्याबद्दल एकच सांगते. तिला ‘हे मानवा’ करायला लावू नका. ती थोडकं बोलू दे, आणि तिचं काळाचं माप चुकलेलं असू दे. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’मधली भविष्य सांगणारी सिबिल मूठभर धूळ उचलून अपोलोला म्हणते, यात कण आहेत तेवढी वर्षं मला दे. तारुण्य मागायचं राहून जातं. अपोलो ते वेगळं देऊ करतो, त्याची किंमत ती नाकारते, मग तो दिलेला शब्द तंतोतंत पाळतो. ट्रॉयचा वीर एनिअस याच्याशी बोलताना तिची सातशे वर्षं झालेली आहेत, तीनशे बाकी आहेत, शरीर झिजत झिजत फक्त आवाज उरणार आहे. देवाने फसवलं असं म्हणायला जागाच नाही. डोहाईला अलकाने “जरा थांब” म्हटलं तर ती थांबेल, आज्ञाधारकपणे, आणि तिच्या लेखी ‘जरा’ म्हणजे अकरा वर्षं. तोवर ती विटेवाली म्हातारी गेलेली असेल.

जलसमाधी तूर्त बाजूला ठेवा. बलिदान केलं की अलका देवीच्या मापाची होते आणि सगळे हिशेब माफ होतात, एसटीचेसुद्धा. ते माफ झालेले मला नको आहेत. आधी आगारातल्या चौकशीचं प्रकरण लिहा: टेबल, पंखा, समोर वेबिल, सात प्रवाशांचे जबाब, आणि साक्षीला आलेली ती म्हातारी, जिला खरं काय घडलं ते माहीत आहे आणि जी ते सांगितलं तर अलकाचं भलं होईल की वाटोळं, याचा विचार करत पदर चाळवतेय. ते प्रकरण झालं की पाठवा.